कॉर्नरचा गडी

दसरा झाला की आमच्या गावात दोन कामांची गडबड उडते. एक, उसाची तोड कधी येणार याची चौकशी, आणि दुसरं, कबड्डीचा संघ. दिवाळीपासून जत्रांचे दिवस सुरू होतात. कृष्णेच्या दोन्ही काठांना आठवड्याला कुठं ना कुठं सामने असतात. म्हणून दसरा झाल्यावर मंडळाची पोरं देवळाच्या ओवरीत बसतात आणि यंदा कोण कुठं खेळणार ते ठरवतात. मी आता खेळत नाही, शिकवतही नाही. गुडघे बोलायला लागल्यापासून मी खांबाला टेकून नुसता बसतो. पण निवडीच्या दिवशी मला बोलावणं येतं.

यंदा अडचण डाव्या कॉर्नरची होती. आमचा जुना गडी नोकरी लागून पुण्याला गेला. त्याच्या जागी दोन नावं होती. एक वरच्या आळीचं पोरगं. अंगानं भरलेलं, पंजा असा की एकदा घोटा धरला की रेडर जागचा हलत नाही. पण गेल्या मोसमात त्याला दोनदा पिवळं कार्ड दाखवलेलं. दुसरं पोरगं देवळाजवळचं. वेळेवर येणार, मैदान झाडणार, कुणाला उलट बोलणार नाही.

निम्मी पोरं म्हणाली, पॉइंट पाहिजेत तर पहिला घ्या. निम्मी म्हणाली, शिस्त पाहिजे, दुसरा घ्या. मग सगळी माझ्याकडं बघायला लागली.

"तात्या, तुम्ही सांगा. तुम्ही लई गडी निवडल्यात."

लई निवडलेत हे खरं. पण त्यातल्या दोन निवडी अशा आहेत की त्या आठवल्या की मला घास गोड लागत नाही. त्या दोन्ही निवडी मी शिस्तीच्याच प्रश्नावर चुकलो. एकदा शिस्त बघितली नाही म्हणून, आणि एकदा नुसती तीच बघितली म्हणून. त्या रात्री ओवरीत मी पोरांना म्हणालो, "मला दोन दिवस द्या." ते दोन दिवस माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते इथं लिहितो.

ज्यांनी मातीवरची कबड्डी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला पाहिजे. आमची म्हातारी माणसं तिला हुतूतूच म्हणायची. मैदान तयार करायचं म्हणजे शेत तयार करण्यासारखंच. माती चाळायची, खडा वेचायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मग चुन्यानं रेषा आखायच्या. आत सात गडी. लोकांच्या तोंडी नाव असतं ते रेडरचं. तो 'कबड्डी कबड्डी' म्हणत एकटा समोरच्यात घुसतो, पाय टाकतो, हात मारतो, उडी घेतो. टाळ्या त्याला. पण घर राखतात ते पकड करणारे. दोन बाजूंना दोन कॉर्नर, त्यांच्या आतल्या अंगाला दोन कव्हर. हे सगळे हाताला हात धरून साखळीनं हलतात.

लोकांना वाटतं पकड म्हणजे ताकद. ताकद लागतेच. पण पकडीचं खरं काम वाट बघण्याचं आहे. रेडर समोर नाचत असतो, डिवचत असतो, बोनसच्या रेषेवर पाय नेऊन मागं घेतो. कॉर्नरवाल्यानं तेव्हा दम धरायचा असतो. रेडरचं वजन पुढच्या पायावर पडलं किंवा तो पाठ फिरवायला लागला, की मगच घोट्यावर झेप. त्या झेपेबरोबर शेजारचा कव्हर वरून आला पाहिजे. कॉर्नरवाला डिवचला गेला आणि एकटाच आधी सुटला, तर रेडर त्याला शिवतो. मदतीला धावणाराही शिवला जातो. एका रागाच्या झटक्यात दोन गडी बाहेर. साताचे पाच झाले की बोनस वाचवायचा म्हणून नव्हे, घर वाचवायचं म्हणून खेळावं लागतं. पाचाचे तीन, तिनाचे एक, आणि मग लोण. लोणाचे वर दोन पॉइंट समोरच्याला. म्हणून कॉर्नरच्या गड्याचा राग हा त्याचा एकट्याचा मामला नसतो. तो सगळ्या सातांच्या नावावर खर्च पडतो.

हे मी आज सांगतो. १९९३ साली मला एवढी अक्कल नव्हती.

त्या आधी दोन वर्षं नदीपलीकडच्या एका गावानं आम्हाला फायनलला हरवलं होतं. त्यांचा एक रेडर होता, वय वीस-बावीस, अंगानं काटक. धावत यायचा नाही, चालत यायचा. आणि आमचा पाय कुठं चुकतो तेवढं बघून हात लावून परत जायचा. आमच्याकडं त्याला धरणारा गडी नव्हता. मी तेव्हा बत्तीस-तेहेतीस वर्षांचा. खेळणं कमी केलं होतं आणि संघाची जबाबदारी माझ्याकडं आली होती. गावात चेष्टा व्हायची. पारावर म्हातारी माणसं म्हणायची, "ह्यांचा संघ म्हंजी ढाल दुसऱ्याच्या गावाला पोचती करनारा."

खुल्या गटाच्या सामन्यांत बाहेरचा पाहुणा खेळाडू आणायची पद्धत होती. शिराळ्याच्या डोंगराकडं एक जबरदस्त गडी आहे असं कानावर आलं. एकाची मोटारसायकल मागून घेतली आणि मी गेलो. त्या गावात सामनाच चालू होता. त्यानं एक रेडर असा उचलून आपटला की मैदानाच्या कडेची पोरं मागं सरकली. माझ्या अंगावर काटा आला. मला माझ्या मोसमाची ढाल दिसायला लागली.

आमच्या हायस्कुलातले पी. टी.चे मास्तर पंच म्हणून सगळीकडं जायचे. त्यांना त्या गड्याबद्दल विचारलं. मास्तर म्हणाले, "ताकद आहे. पण शिट्टी त्याला ऐकू येत नाही."

मी म्हणालो, "ऐकू येत नाही म्हणजे?"

"म्हणजे शिट्टी झाल्यावरही तो सोडत नाही. एकदा डोक्यात गेलं की कुणाचं ऐकत नाही. विचार करून आण."

मी शेतकऱ्याचा पोरगा. बैलबाजारात किती वेळा गेलोय. बैल घेताना दात बघतो, खांदा बघतो, चालवून बघतो, आणि 'मारका आहे का' हे आधी विचारतो. विकणारा 'न्हाई' म्हणाला तरी आपण मागनं जाऊन शेपटीला हात लावून बघतो. मारका बैल औताला जोरात चालतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी घरात लहान पोरं असतील तर तो कुणी दावणीला बांधत नाही. एवढं सगळं मला येत होतं. आणि माणूस निवडताना मी ते सगळं विसरलो. मास्तरांना म्हणालो, "चार सामन्यांचा तर प्रश्न हाय. मी सांभाळतो त्याला." एक पोतं शाळू आणि येण्याजाण्याचं भाडं एवढ्यावर सौदा ठरला.

पहिले तीन सामने त्यानं एकट्यानं मारल्यासारखे मारले. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. पंचाशी हुज्जत घातली तरी लोक हसायचे. तेव्हा आमच्या मातीवर कार्डं कुणी बघितली नव्हती; पंच तोंडानं समज द्यायचे. मलाही बरं वाटायचं. समोरचे रेडर आत यायलाच बिचकायचे, तर त्याला शिस्तीचं काय सांगायचं?

फायनलला तोच नदीपलीकडचा रेडर समोर आला. त्यानं पहिल्या दोन चढायांत आमच्या पाहुण्याला नुसतं डिवचलं. तिसऱ्यात हात लावून गेला. पाहुण्यानं पंचाला शिवी दिली. समोरच्याला एक टेक्निकल पॉइंट. परत आत आल्यावर तो वाट बघेना. दोनदा एकटाच सुटला आणि दोन्ही वेळा शेजारच्याला घेऊन बाहेर गेला. आमच्यावर लोण चढला. मी कडेवरनं ओरडत होतो, "थांब, थांब." त्याला मीही ऐकू येत नव्हतो.

दुसऱ्या डावात शेवटी त्याला तो घोटा सापडला. आमचे चौघं वर पडले. रेडरचा दम गेला, पंचाची शिट्टी झाली, पकड आमची झाली. चौघातले तिघं उठले. हा उठला नाही. त्यानं पाय तसाच धरून पिळला. गुडघ्याचा आवाज मी दहा पावलांवरनं ऐकला. ओल्या फांदीचा मोडताना होतो तसा.

मग काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. पंचांनी त्याला बाहेर काढला. आम्ही सहा जणांत खेळलो आणि हरलो. पण त्या दिवशी ढालीकडं कुणाचं लक्ष नव्हतं. वडापची जीप थांबवून त्या पोराला मिरजेला नेलं. मीही बरोबर गेलो. वाटेत खड्डा आला की तो दातावर दात दाबायचा, पण ओरडला नाही. आमचा पाहुणा त्याच रात्री एस. टी.नं निघून गेला. शाळूचं पोतं न्यायला तो कधी आला नाही.

पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. वडील वाट्यानं शेती करणारे. पाय प्लास्टरमध्ये. पेरणी झालेली, पण पाणी पाजायला माणूस नव्हता. मी काही पैसे पुढं केले. त्याच्या आईनं हात लावला नाही. ती म्हणाली, "बाबा, पोराला तू मोडलं न्हाईस. पन मोडनाऱ्याला तू आनलंस. त्यो कसा हाय ह्ये तुला कुनी सांगितलं न्हवतं का?"

सांगितलं होतं. मी 'मावशी' एवढंच म्हणालो आणि पुढं बोलता आलं नाही.

तो पोरगा परत मैदानात उतरला नाही. पाय थोडा ओढतो, अजून.

त्यानंतर मी बदललो. पोरं म्हणायची, तात्या पोलीस झाला. मी एक वही घातली. सरावाला संध्याकाळी साडेपाचला हजर. तीन वेळा उशीर झाला की नाव कमी. पंचाशी बोललं की पुढचा सामना बाहेर. गावात भांडण केलं की बाहेर. वहीत नावापुढं फुल्या मारायचो. आमच्या संघाचं नाव झालं. पंच म्हणायचे, ह्या गावचा सामना असला की डोक्याला ताप नाही. मलाही वाटायला लागलं, माणूस ओळखायची ही पट्टी आपल्याला सापडली.

२००१ साली खालच्या आळीचं एक पोरगं कव्हरला खेळायचं. उंच, हाडापेरानं मोठं, आणि कव्हरला लागतं ते त्याच्याकडं होतं. कॉर्नरवाला कधी सुटणार हे त्याला आधीच कळायचं. बोलायचं फार कमी. पण सरावाला उशिरा यायचं. डोळे लाल. कधी कधी बसल्या बसल्या पेंगायचं. कुणीतरी म्हणालं, पितंय. दुसरं कुणी म्हणालं, परवा चौकात त्यानं मुकादमाची गचांडी धरली. माझ्या वहीत फुल्या पडत गेल्या. जत्रेच्या आठ दिवस आधी मी त्याचं नाव कमी केलं. तो समोर उभा होता. मी वही दाखवली. त्यानं वहीकडं बघितलं, मान हलवली आणि गेला. त्याला बोलता आलं असतं. मी बोलायला जागा ठेवली नव्हती.

चार दिवसांनी माझी पाण्याची पाळी बदलली. लाईट रात्रीचीच असायची. मध्यरात्री उलटून गेल्यावर मी बॅटरी घेऊन पाटाच्या कडेनं जात होतो, तर खालच्या शेतात कुणीतरी अनवाणी दारं मोडत उभं. बॅटरी मारली तर हा. स्वतःच्या शेतातही नव्हता. दुसऱ्याच्या उसाला रोजावर पाणी पाजत होता. मी म्हणालो, "रोज असतोस काय?" तो म्हणाला, "दोन महिनं झालं. आप्पांचं अंग गेलंय." वडिलांना लकवा झालेला मला माहीत होतं. पण ते घर चालतं कशावर, हे मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चौकातल्या भांडणाचीही चौकशी केली. त्याच्या आईची भांगलणीची मजुरी मुकादमानं महिनाभर अडवून ठेवली होती. ती मागायला गेल्यावर त्यानं आईला वेडंवाकडं बोललं, म्हणून गचांडी. दारूचं तर कुणी सांगितलं हेही कुणाला आठवेना.

इथं माझी खरी चूक आहे. कळल्यावर मी त्याला परत घेऊ शकलो असतो. जत्रेला तीन दिवस होते. पण मी म्हणालो, यादी दिली गेली, नियम म्हणजे नियम, एकाला सवलत दिली तर बाकीचे काय म्हणतील. हे मी स्वतःला सांगितलं. खरं कारण हे की माझ्या वहीत चूक आहे हे मला चारचौघांत कबूल करायचं नव्हतं.

तो पुढच्या वर्षी मुंबईला गेला. आमच्याकडची पुष्कळ पोरं वाशीच्या मार्केटात हमाली करतात, तिथं लागला. सात-आठ वर्षांनी मी हळद घेऊन वाशीला गेलो होतो. गाळ्यापुढं पोती उतरत होती आणि पाठीवर पोतं घेतलेला गडी थांबला. "तात्या?" त्यानं पोतं थापीवर टाकलं, गमछानं तोंड पुसलं आणि मला हाताला धरून चहाच्या टपरीवर नेलं. गावाकडची सगळी विचारपूस केली. जुनं काही काढलं नाही. उठताना एवढंच म्हणाला, "कव्हरला आता कोन हाय?"

मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "चांगला हाय, पन खाली वाकत न्हाई." बरोबर होतं. आठ वर्षं गावाबाहेर राहून त्याला ते कळत होतं आणि मी रोज बघून मला कळलं नव्हतं. चहाचे पैसे त्यानं मला देऊ दिले नाहीत.

त्या दिवसापासून वही आहे, पण फुल्या नाहीत. आता मी समोर लिहितो, काय झालं आणि का झालं. शिस्त या एका शब्दात आपण तीन-चार वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. उशिरा येणं वेगळं. पंचाशी बोलणं वेगळं. डिवचल्यावर जागा सोडणं वेगळं. आणि पडलेल्या माणसाचा पाय न सोडणं हे तर सगळ्यात वेगळं. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा पोराच्या घरी सापडतं. जाऊन बघायला पाहिजे. दुसरं समजावून जातं. तिसरं सरावानं जातं, पण वेळ लागतो. चौथं जात नसेल तर त्याला मैदानात आणायचा नाही, मग तो कितीही पॉइंट देवो. आणि गावातल्या बोलण्यावरनं तर काहीच ठरवायचं नाही. बोलणारा कोण, हे आधी विचारायचं.

मास्तरांनी निवृत्त झाल्यावर मला एक युक्ती सांगितली होती. सरावात मुद्दाम चुकीचा निकाल द्यायचा. गडी शिवला गेलेला नसताना 'आऊट' म्हणायचं आणि त्याच्याकडं बघत राहायचं. एक जण एकदा हात वर करून म्हणतो, 'सर, लागला न्हाई,' आणि बाहेर जाऊन बसतो. तो चांगला. एक जण माती लाथाडतो, बडबडतो. त्याच्यावर काम करता येतं. एक जण काहीच बोलत नाही, बाहेर जातो, आणि परत आत आल्यावर पहिल्याच रेडरवर तो राग काढतो. मास्तर म्हणायचे, ह्या तिसऱ्याला सांभाळ. बाहेर बसलेला गडी कसा बसतो हेही मी बघतो. खेळताना सगळे सारखे दिसतात. आऊट होऊन बसल्यावर माणूस दिसतो.

आता खेळ बदललाय. माती जाऊन मॅट आलं. २०१४ पासून प्रो कबड्डी टीव्हीवर दिसायला लागली तशी पोरं नुसती ताकद लावत नाहीत, डोकंही लावतात. शिस्तीला रंग आले. हिरवं कार्ड म्हणजे समज, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातनं बाद. दोन मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. अटीतटीच्या सामन्यात त्या दोन मिनिटांत लोण चढतो.

२०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेची फायनल आम्ही मंडळाच्या खोलीत बघितली. भारत आणि इराण, २८-२८. सामना संपत आलेला. पवन सेहरावतच्या चढाईवर वाद झाला. कडेच्या पट्ट्यात आधी पाय कुणाचा, मागनं गेलेले गडी धरायचे की नाहीत, नियम कुठला लावायचा. निकाल फिरला, परत फिरला. तासभर खेळ थांबला. खेळाडू मॅटवरच बसले. आमची पोरं खोलीत ओरडत होती, मी मात्र त्या बसलेल्यांकडं बघत होतो. तासभर राग पोटात धरून बसायचं, अंग थंड झालेलं, आणि परत उभं राहून तीच साखळी धरायची. भारत ३३-२९ नं जिंकला. मी पोरांना म्हणालो, पकड शिकायला महिने लागतात, हे असं बसायला शिकायला वर्षं लागतात.

तर पहिला दिवस मी चौकशीत घालवला. वरच्या आळीच्या पोराची दोन पिवळी कार्डं कशाची, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. सगळ्यांना 'दोन' एवढंच ठाऊक. सामन्याला असलेल्या पंचांना फोन लावला. पहिलं कार्ड बाजूच्या पंचाशी वाद घातल्याचं. ते मी सोडून दिलं. दुसरं ऐकल्यावर माझ्या पोटात कालवलं. रेडर मध्यरेषेला हात लावून सुटला होता, शिट्टी झाली होती, आणि ह्यानं त्याची कमर सोडली नव्हती. पंच म्हणाले, "दोन-तीन सेकंद. आपटला नाही, पण सोडलाही नाही."

दोन-तीन सेकंदच. एवढ्यातच गुडघा जातो.

दुसऱ्या पोराचाही विचार केला. त्याला मी सरावात बघितलं होतं. तो चुकीचा निकाल दिला तरी गप बाहेर जातो, बरोबर दिला तरी गप जातो. वेळेवर येतो हे चांगलंच आहे. पण रेडर समोरनं बोनस घेऊन गेला तरी तो झेपत नाही. त्याला शिवले जायची भीती वाटते, आणि लोक तिला शिस्त म्हणतात. गरीब गाईनं कॉर्नर राखता येत नाही. त्याला अजून शिकवायला पाहिजे, आणि आताच फायनलच्या सामन्यात उभा केला तर गाव त्याला हसेल आणि तो खेळ सोडेल. तेही एक नुकसानच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारीचं गठुळं बांधलं आणि वरच्या आळीच्या पोराला हाक मारली. "चल, दळण आणायचंय."

"तात्या, गिरण गावात हाय की."

"नदीपलीकडं जायचंय."

पूल ओलांडून आम्ही त्या गावात गेलो. तिथं पिठाची गिरण तो चालवतो, १९९३ चा रेडर. केस पांढरे झालेत. मी वर्षातनं दोन-तीनदा जातो. आमच्यात आता अवघडलेपण नाही, पण मैत्री झाली असंही मी म्हणणार नाही. त्यानं दळण टाकलं आणि पाय ओढत पट्ट्याकडं गेला. पोरगं बघत होतं. मी सांगितलं, "हा आमचा यंदाचा डावा कॉर्नर होईल म्हणतात."

त्यानं पोराला वरपासून खालपर्यंत बघितलं. पंजे पुढं करायला लावले. "हात चांगलं हाईत," म्हणाला. मग म्हणाला, "शिट्टी झाल्यावर सोडतोस का?"

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, पण त्याला वाटलं सांगितलंय. थोड्या वेळानं खाली मान घालून म्हणालं, "एकदा सोडलं न्हवतं."

गिरणवाल्यानं धोतर सावरलं, गुडघा उघडा केला आणि परत झाकला. बोलला काही नाही. गिरण चालू होती, बोललं तरी ऐकू आलं नसतं.

परत येताना पिठाचं गठुळं त्या पोरानं डोक्यावर घेतलं. पुलावर विचारलं, "तात्या, त्यांना कुनी धरलं व्हतं?" मी म्हणालो, "मी आणलेल्या गड्यानं." मग सगळं सांगितलं. शाळूच्या पोत्यासकट.

रात्री ओवरीत मी माझं मत दिलं. कॉर्नरला वरच्या आळीचा. त्याच्या शेजारी कव्हरला आपला सगळ्यात जुना गडी. हिरवं कार्ड मिळालं की कप्तानानं न विचारता त्याला बाहेर घ्यायचा, मग सामना कुठंही असो. देवळाजवळचा पोरगा बदली, आणि रोज सरावात त्याच्यावर पाच चढाया जास्त. पोरांनी मान्य केलं. दोघं-तिघं कुरकुरले, त्यांचंही बरोबर असेल. मी आधी दोनदा चुकलोय, तिसऱ्यांदा चुकणार नाही असं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

यंदा आम्ही ढाल आणली नाही. एका जत्रेत सेमीफायनलला हरलो, दुसरीकडं पहिल्याच फेरीत. त्या पोराला मोसमात एक हिरवं कार्ड मिळालं आणि कप्तानानं त्याला लगेच बाहेर घेतला. तो आला आणि टॉवेल डोक्यावर घेऊन बसला. मी जवळ गेलो नाही, नुसतं बघत राहिलो. घरी आल्यावर वहीत लिहिलं: हिरवं कार्ड, एक. पंचाशी बोलला. शिट्टीनंतर प्रत्येक वेळी सोडलं.